चौथा भाग सोबत जोडला आहे

राग आला की माणसाने दहापर्यंत आकडे मोजावेत, असं आमच्या पुरवणीत वर्षातून दोनदा तरी छापून येतं. ते मीच छापते. आकडे मोजून राग जात नाही, फक्त क्रमवार लागतो. तेव्हा क्रमवार सांगते.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणाले. गुडघा उत्तमच होता. सासूबाई त्याच्यावर उभ्या राहायला तयार नव्हत्या, एवढंच. आता चालल्या नाहीत तर पुढे चालणारच नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. नवऱ्याला नाही, मला. नवरा तेव्हा पार्किंगची पावती शोधत होता. जिने उभा जन्म शाळेत मुलांकडून कवायत करून घेतली, जिच्या एका 'सावधान'ला आख्खं मैदान टाचा जुळवायचं, ती बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. चला म्हटलं की म्हणायच्या, "चालून जायचंय कुठे मला?" व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी रोज गोड बोलून, घामाघूम होऊन परत जायची.

मी एका दैनिकात उपसंपादक आहे. दुपारी कामावर जाते, पान छपाईला सोडून घरी येते. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे घर असतं. या घरात प्रत्येक वस्तू कुठे आहे ते फक्त मला माहीत असतं. नवरा कपाटासमोर उभा राहून विचारतो, "कपाट उघडलं, आता?" मुलगी कॉलेजात जाते, तिला स्वतःचे मोजे स्वतःच्या पायात आहेत की नाहीत हेही मला विचारावं लागतं. त्यात सासूबाईंचं औषध, शेक, कुशी बदलणं. मी तक्रार करत नाही. मी फक्त नोंद करते आहे.

या सगळ्यात मला उभं धरून होती ती एक कादंबरी. नऊशे पानांची. नदीकाठची एक नावाडीण गावाला पूल मिळावा म्हणून अर्ज करते. साहेब अर्ज नामंजूर करतो. ती घरी येते, जेवते, झोपते आणि सकाळी उठून दुसरा अर्ज करते. पहिली शंभर पानं जवळजवळ एवढंच होतं आणि मला त्यातली एकही ओळ कापावीशी वाटली नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाने असं म्हणणं म्हणजे काय, ते धंद्यातल्यांना कळेल. मी देवाधर्मातली नाही. पण सकाळी डोळे उघडले की मला आधी ती बाई आठवायची, आणि मग पाय खाली टेकायचे. श्रद्धा म्हणतात ती यालाच म्हणत असतील, तर माझी होती.

अडचण एकच. नऊशे पानांच्या पुस्तकाला दोन हात लागतात आणि माझा एक हात कायम कुठेतरी गुंतलेला. झाऱ्यात, फोनमध्ये, नाहीतर सासूबाईंच्या दंडाखाली. एका हाताने धरलं तर मनगट भरून यायचं. उताणं पडून वाचलं तर नाकावर आदळायचं. दोनदा आदळलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो, म्हणून आम्ही त्यांना उपायताई म्हणतो. माझं सुजलेलं नाक पाहून त्यांनी ओळीने उपाय सांगितले. पुस्तक उशीवर ठेवावं. कुणाकडून तरी वाचून घ्यावं. आणि मुख्य म्हणजे कुठलंही पुस्तक आणलं की शेवटचं पान आधी वाचून टाकावं, म्हणजे जीव अडकत नाही. त्या स्वतः असंच करतात म्हणे, आणि त्यामुळे त्यांना आजवर एकही पुस्तक वाचावं लागलेलं नाही.

मला माझा उपाय कचेरीत सापडला. मोठा सरकारी अहवाल आला की आम्ही डेस्कवर तो फाडून वाटून घेतो, कारण एकट्याने वाचला तर पान सुटणार नाही. मग पुस्तकाचंही तसंच का करू नये? बारीक भाग पिशवीत मावतील, एका हातात राहतील. दुसऱ्या दिवशी मी कादंबरी घेऊन गल्लीतल्या बाइंडरकडे गेले आणि म्हटलं, याचे सहा भाग करून द्या.

त्याने पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. "घरात वाटण्या झाल्या का ताई?"

नाही म्हटलं, मला वाचायचं आहे. हे उत्तर त्याला पटलं नाही. आजवर लोक तुटलेलं जोडायला यायचे, जोडलेलं तोडायला कुणी आलं नव्हतं, असं त्याने दोनदा ऐकवलं. मग त्याने काम मात्र नेटकं केलं. त्याच्याकडे आसपासच्या सगळ्या कचेऱ्यांच्या फायलींचं काम असतं, तेव्हा जो पुठ्ठा हाताशी होता तोच त्याने लावला. जाड, खाकी, कोपऱ्याला भोक पाडून त्यात पांढरी टॅग ओवलेली. कादंबरीचं नाव घालायला तो विसरला. त्याऐवजी प्रत्येक पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं: भाग पहिला, भाग दुसरा, असं सहापर्यंत. मला ते फार आवडलं. इतकं की त्यात काही धोका असेल हे माझ्यासारख्या, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या बाईच्या लक्षात आलं नाही.

पहिला भाग मी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये आणि बसथांब्यावर वाचून काढला. किती वर्षांनी मी काहीतरी वाचत पुढे सरकत होते. कचेरीत माझ्या हातून एक मथळाही चांगला गेला.

मग तो भाग सासूबाईंच्या पायाखाली गेला. झालं असं की व्यायामाच्या मुलीला टाचेखाली ठेवायला काहीतरी उंच हवं होतं. टॉवेल ओला होता. हाताशी आलं ते मी सरकवलं. व्यायाम झाल्यावर सासूबाईंनी ते ओढून काढलं, उघडलं आणि मला हाक मारली.

"हे पुस्तक आहे?"

"हो, आई."

"पुस्तक पायाखाली देतेस तू? छापखान्यात काम करतेस आणि पुस्तक पायाखाली?"

मी छापखान्यात काम करत नाही. हे मी लग्न झाल्यापासून सांगते आहे. पण ऑपरेशननंतर त्यांचा आवाज पहिल्यांदाच मैदानावरचा लागला होता, म्हणून मी तो तसाच लागू दिला. मला भरपूर सुनावून झाल्यावर त्यांनी पदराने पुठ्ठा पुसला आणि जणू त्या पुस्तकाची माफी मागायची म्हणून पहिलं पान वाचायला घेतलं. माझ्या सुट्टीचा दिवस होता; संध्याकाळी दिवा लावायला गेले तर तोंड भिंतीकडे नव्हतं, खिडकीकडे होतं. म्हणाल्या, "त्या साहेबाला नदीत ढकलायला पाहिजे." मग म्हणाल्या, "दुसरा आण."

यात आनंद मानावा की नाही? मी मानला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सासूबाईंना दिवसभर काम नाही आणि मला आहे. मी दुसऱ्या भागाच्या मध्यावर असताना त्यांनी तो संपवला, आणि मी फोन घ्यायला उठले तेवढ्यात तिसरा माझ्या खुर्चीवरून गेला. त्या पलंगावरून उतरत नव्हत्या, हे लक्षात घ्या. तो त्यांना नेऊन दिला माझ्या पोटच्या पोरीने. शिवाय वरच्या मजल्यावरचे इंजिनीअर रोज विचारपूस करायला येत. निवृत्त, उभी हयात पूल बांधण्यात गेलेली. पुलाची गोष्ट आहे म्हटल्यावर त्यांनी पहिला भाग उचलला, आणि परत आला तेव्हा समासात लाल शाईने शेरे होते. 'खांबांची जागा चूक.' 'नदीचा तळ तपासला का?' 'अर्ज या खात्याकडे करायचाच नसतो.' माझा मजकूर दुसऱ्या कुणी लाल केलेला मी नोकरीत सोसते. घरी सोसायचं मला काही कारण नव्हतं. मी तसं त्यांना म्हटलं. ते म्हणाले, आभार मानायची गरज नाही, दुसरा द्या.

म्हणजे मी माझ्याच पुस्तकाच्या रांगेत उभी होते. तरीही मी आणि सासूबाई तिसऱ्याच्या शेवटी एकाच दिवशी पोचलो. त्या मी कामावर निघता निघता, मी तोच भाग घेऊन बसमध्ये. शेवटच्या पानावर नावाडीण पुरात उतरते. होडी वाहून गेलेली, पैलतीरावर साहेब फक्त त्या दिवसापुरता आलेला. डोक्यावर अर्ज बांधलेला, पाणी गुडघ्यांच्या वर चढलेलं, आणि भाग संपतो. घरी आले तर सासूबाई उशीला टेकून बसलेल्या. "चौथा," म्हणाल्या.

चौथा टेबलावर होता. म्हणजे सकाळी होता.

इथे नवऱ्याच्या बाजूने जेवढं सांगता येईल तेवढं सांगते. ते थोडं आहे. सासूबाईंना पेन्शन मिळते. त्यासाठी आपण अजून जिवंत आहोत हे दरवर्षी कार्यालयात जाऊन दाखवावं लागतं. त्या जाऊ शकत नव्हत्या, म्हणून साहेबांनी घरी येऊन त्या जिवंत असल्याची खात्री करावी असा अर्ज द्यायचा होता. अर्ज मी लिहिला. वैद्यकीय प्रमाणपत्र मी आणलं. नवऱ्याने फक्त नेऊन द्यायचं होतं. अर्जावर सही करताना खाली काहीतरी कडक हवं म्हणून त्याने टेबलावरचा खाकी भाग उचलला आणि तो तसाच कागदांखाली राहिला. खिडकीवरच्या कारकुनाने सगळा गठ्ठा आत ओढला, टॅगमध्ये टॅग अडकवली, प्रत्येक कागदावर शिक्का मारला आणि पोच दिली.

"तू बघत होतास?" मी विचारलं.

"बघत होतो ना."

"मग?"

"प्रमाणपत्र लागतं, राहत्या जागेचा पुरावा लागतो. मला वाटलं, हेही लागत असेल."

मी दहापर्यंत मोजले. पोच घेऊन पाहिली. अर्ज एक, प्रमाणपत्र एक, आणि खाली स्वच्छ अक्षरात: 'भाग चौथा, सोबत जोडला आहे.'

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेले. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. पेन्शनीचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर ठेवण्याची कल्पना ज्याला सुचली त्याला मी एकदा भेटू इच्छिते. कारकून काचेमागे होता, मफलर गुंडाळून, बारीक चणीचा. मी चूक काय झाली ते चार वाक्यांत सांगितलं. आमच्याकडे बातमीला चारच मिळतात.

त्याने विचारलं, मी अर्जदार आहे का. सून आहे म्हटलं. सुनेला जोडपत्र परत देता येत नाही. मुलाने दिलं होतं, म्हटलं. मुलगा आणून देऊ शकतो, परत नेऊ शकत नाही. मग कोण नेऊ शकतो? अर्जदार, समक्ष. मी म्हटलं, अर्जदार समक्ष येऊ शकत नाहीत असाच तर तो अर्ज आहे. तो म्हणाला, ते त्याने वाचलं आहे. ती कादंबरी आहे हो, मी म्हटलं. तो म्हणाला, तेही त्याने वाचलं आहे.

मी शेवटचं शस्त्र काढलं आणि दैनिकाचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. "रोज घेतो मी. तुमच्यात राशिभविष्य कोण लिहितं हो? फार अचूक असतं."

ज्योतिषी रजेवर असला की मी लिहिते. त्या आठवड्यात तो रजेवर होता. या माणसाच्या राशीला मी 'सरकारी कामात यश' दिलेलं असणार, या विचाराने माझं डोकं इतकं फिरलं की दोन्ही जिने कधी उतरले ते कळलं नाही.

घरी सगळे जमलेच होते. उपायताई म्हणाल्या, त्याच्या वरच्या साहेबाकडे जावं. इंजिनीअर म्हणाले, माहितीच्या अधिकारात मागावं, फार तर वर्ष जाईल. नवरा म्हणाला, मधला एक भाग नाही वाचला म्हणून काय बिघडतं? सरळ पाचवा घ्या. त्याच्याकडे मी आणि सासूबाईंनी एकाच वेळी पाहिलं. लग्नानंतर आमचं एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग असेल.

"त्या बाईला पाण्यात उभी ठेवून पाचवा घेऊ?" सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "समक्ष म्हणाला ना तो? माझे बूट कुठे आहेत?"

बूट कुठे आहेत हेही मलाच माहीत होतं.

त्या प्रवासाचं वर्णन मी थोडक्यात करते, कारण मी अजून त्याबद्दल रागावलेली आहे. आमचा जिना उतरताना उपायताई पुढून आणि इंजिनीअर मागून आले. उपायताई म्हणत होत्या, पायरीकडे बघू नका. इंजिनीअर म्हणत होते, पायरीकडेच बघा, भार आधी चांगल्या पायावर घ्या. नवरा रिक्षा आणायला गेला आणि स्वतः रिक्षात बसून समोरून निघून गेला. चालकाला चुकीचा पत्ता सांगितला होता. व्यायामाच्या मुलीला मी फोन केला, तर ती आधी विश्वासच ठेवेना आणि मग रडायला लागली. मला रडायला सवड नव्हती. माझ्या एका हातात काठी होती, दुसऱ्यात सासूबाई.

कार्यालयाच्या जिन्यापाशी त्या थांबल्या. वर पाहिलं. मला वाटलं, संपलं, आता परत जायचं. पण त्यांनी काठी घेतली, मला बाजूला केलं आणि स्वतःलाच हुकूम सोडला. "डावा. उजवा. डावा." जिन्यात उभे असलेले दोन शिपाई काय होतंय ते न कळून भिंतीला चिकटून ताठ झाले. मधल्या सपाटीवर त्या बसल्या, घाम पुसला, त्या बाईला नदीत निदान वारा तरी लागत असेल म्हणाल्या, आणि उठल्या. मी मागे होते. त्यांचा तोल गेला तर धरायचं म्हणून माझे दोन्ही हात पुढे, आणि डोळे का भरून येत होते ते मला शोधायचं नव्हतं. मी त्या बंद लिफ्टवर राग धरून वर गेले. राग धरायला बरा असतो, घट्ट असतो.

कारकून जेवायला गेला होता.

तो आला, तेव्हा त्याने सासूबाईंना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अर्जदार?"

"हो."

"म्हणजे आपण हयात आहात."

"हे जिने चढून आले तेव्हा खात्री झाली," सासूबाई म्हणाल्या. "भाग काढ."

त्याने तिथल्या तिथे हयातीचा शिक्का मारला. मग फाइल उघडून चौथा भाग सोडवला. पहिल्या पानावर आवक क्रमांक पडला होता, नेमका नावाडिणीच्या डोक्यावरच्या अर्जाच्या वाक्यावर. द्यायच्या आधी त्याने जरा आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून सासूबाईंना विचारलं, ही बाई नदीत आली कशी? त्याने चौथा दोनदा वाचला होता, पण आधीचं काहीच ठाऊक नव्हतं. आणि पैलतीरावर ती पोचल्यावर...

"पुढे बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही वाचलेलं नाही." मफलर सारखा करून त्याने विचारलं, पहिले तीन मिळतील का. सासूबाईंनी जरा विचार केला. "एकेक आणून देईन. मीच येईन. आठवड्याला एक. पण खिडकीवर जेवायच्या वेळेत माणूस पाहिजे." तो उभा राहून हो म्हणाला.

आम्ही निघालो तेव्हा त्याने मला परत बोलावलं आणि एक कागद दिला. आमच्या मूळ अर्जाचं उत्तर. 'अर्जदार चालत समक्ष उपस्थित झाल्याने घरी येऊन पडताळणीची विनंती नामंजूर.' मी ते जिन्यात उभी राहून वाचलं आणि मला पुन्हा संताप आला. पण सासूबाईंनी तो कागद मागून घेतला, दोनदा वाचला, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. तो अजून त्यांच्या कपाटात आहे. कुणी आलं की काढून दाखवतात.

तेव्हापासून आठवड्याला एकदा त्या कार्यालयात जातात. आधी माझ्याबरोबर, मग उपायताईंबरोबर, आता एकट्या. आमच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, पेन्शनीच्या खिडकीमागे सगळीकडे खाकी भाग फिरत आहेत. इंजिनीअरांच्या शेऱ्यांखाली कारकुनाची हिरवी टिपणं पडली आहेत: 'बाईचा अर्ज नियमानुसार योग्य होता.' सगळ्यांचा सहावा वाचून झाला. माझा नाही. मी पान सोडून येते तेव्हा भाग कुणीतरी नेलेला असतो. मी बसथांब्यावर गेले की उपायताई आणि शेजारची बाई बोलायच्या थांबतात. त्या उपायताई! शेवटचं पान आधी वाचून पुढे काहीच न वाचणाऱ्या! त्यांनी या वेळी पहिल्यापासून वाचलं, आणि रडल्याही म्हणे.

काल रविवार होता. सकाळीच मी सगळ्यांसमोर बोलले. मोठ्याने नाही. माझा आवाज चढत नाही, हीच माझी अडचण आहे. मी म्हटलं, हे पुस्तक माझं आहे, ते मी विकत आणलं, मी कापून घेतलं, आणि त्या नदीवर पूल होतो की नाही हे या गल्लीत फक्त मला माहीत नाही. नवऱ्याने विचारलं, नळाचा पान्हा कुठे आहे.

सासूबाई उठल्या. कपाटातून सहावा भाग काढला, माझ्या हातात दिला, मला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं. मी कडी लावली. बाहेर त्यांची काठी दाराशी येऊन थांबली. लगेच नवऱ्याचे पाय वाजले.

"आई, तिला विचारायचं होतं, पान्हा..."

"पान्हा शोध. सापडला नाही तर विकत आण."

मग मुलगी आली. मग दाराची घंटा वाजली, इंजिनीअर होते. सगळ्यांना एकच उत्तर मिळत होतं, आणि ते मैदानावरच्या आवाजात मिळत होतं. मी हळूच म्हटलं, "आई, किती वेळ उभ्या राहाल? खुर्ची घ्या."

"तू वाच," दारापलीकडून आवाज आला. "मला उभं राहता येतं."

मी खाकी पुठ्ठा उघडला. पहिल्याच पानाच्या समासात, लाल शाईत, इंजिनीअरांच्या ठसठशीत अक्षरात शेरा होता: 'एवढ्या कष्टाने झालेल्या पुलाला कठडा इतका ठेंगणा ठेवणं अक्षम्य.'

मी ती ओळ दोनदा वाचली. दार उघडून वरच्या मजल्यावर जावं, असं फार वाटलं. पण दाराला माणूस होतं. मी माझं लाल पेन काढलं, ती ओळ पूर्ण खोडली, शेजारी 'अनावश्यक मजकूर' असं लिहिलं आणि वाचायला लागले.